पाय लांब करायचं ऑपरेशन ठरलंय? त्याआधीच्या दोन महिन्यांत शरीर असं तयार करा

माझा उजवा पाय डाव्यापेक्षा ४.२ सेंटिमीटर आखूड होता. आठ वर्षांची असताना गुडघ्याच्या जरा खाली, नडगीच्या हाडात पू झाला होता. हाड बरं झालं, पण हाड जिथून वाढतं ती ग्रोथ प्लेट त्यात खराब झाली आणि तो पाय मागे पडत गेला. पुढची तेवीस वर्षं मी उजव्या चपलेच्या तळाला रबराचे थर चिकटवून घेत चालले. चिपळूणमध्ये ज्या चांभारकाकांकडे जायचे, त्यांना माझं माप पाठ होतं. एकतिसाव्या वर्षी पुण्यात ऑपरेशन करून घेतलं. साडेसहा महिने नडगीभोवती, हाड बाहेरून धरून ठेवणाऱ्या रिंगा होत्या. आज दोन्ही पाय जवळपास सारखे आहेत आणि मी दुकानातली साधी सपाट चप्पल घालते.

रिंगा बसल्यावर काय करायचं हे सांगणारे पुष्कळ भेटले. आधी काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. जिथे पहिल्यांदा दाखवायला गेले तिथे एक्स-रे काढले, खर्च सांगितला, तारीख दिली. माझा घोटा किती वाकतो हे कुणी पाहिलंच नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "हाड मी कापेन, ते वाढेलही. पण तुमची पोटरी त्याच्याबरोबर यायला तयार नाही. दोन महिने घ्या, तिला तयार करून आणा." त्या दोन महिन्यांत जे केलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुमच्या डॉक्टरांनी एखादी गोष्ट वेगळी सांगितली तर त्यांचं ऐका, कारण त्यांनी तुमचा पाय पाहिलेला आहे, मी नाही.

१. शरीराला काय झेपवायचंय ते आधी समजून घ्या

ही पद्धत १९५०च्या दशकात सैबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रील इलिझारोव्ह या डॉक्टरांनी बसवली. हाड एका जागी कापायचं, त्यावरचं पातळ आवरण होता होईल तो शाबूत ठेवायचं आणि दोन्ही तुकडे तारांनी बाहेरच्या रिंगांना धरून ठेवायचे. साधारण आठवडाभर काहीच करायचं नाही. मग रोज १ मिलिमीटर, तोही चार हप्त्यांत पाव-पाव मिलिमीटर करून, तुकडे एकमेकांपासून लांब न्यायचे. मधल्या फटीत नवं हाड धरत जातं. माझ्या रिंगांच्या नटांना दहा नंबरचा पाना लागायचा, गॅरेजमध्ये असतो तोच. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री दहा. पाव फेरा, की वहीत टिक.

म्हणजे ४ सेंटिमीटरला ४० दिवस. पण हे ४० दिवस म्हणजे उपचाराचा छोटा भाग. नवं हाड सुरुवातीला मऊ असतं, ते अंगाचा भार घेण्याइतकं घट्ट व्हायला याच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो. आपल्या बाबतीत किती महिने लागतील ते डॉक्टरांना सरळ विचारा, आणि रजा, पैसा, घरातली कार्यं यांचा हिशोब त्यावर बसवा.

हाड असं वाढतं. स्नायू, नसा आणि कातडी यांना मात्र त्याच्यामागे ओढून न्यावं लागतं, आणि दुखतं ते जास्त तिथेच. हाडाच्या आत बसणारे आणि बाहेरून चुंबकाने लांब होणारे रॉडही आता मिळतात. ते फार महाग आहेत. त्यात बाहेर रिंगा नसतात, पण स्नायूंचं ओढलं जाणं चुकत नाही. त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांनाही लागू आहे.

२. मोजमाप आणि तपासण्या दोन महिने आधीच उरका

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात तपासण्या करून काही हाती लागत नाही. रक्त कमी निघालं तर ते आठ दिवसांत वाढत नाही. माझं हिमोग्लोबिन ८.९ निघालं होतं. तारीख तशीही पुढे गेली होती म्हणून निभावलं.

डॉक्टरांशी बोलून हे करून घ्या: हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्ततपासणी, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, साखर (मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी), थायरॉइड, किडनीच्या तपासण्या. आधी कधी हाडात पू झाला असेल तर ते आवर्जून सांगा, जुने कागद दाखवा. तो जंतुसंसर्ग पूर्ण गेलाय याची खात्री करूनच डॉक्टर पुढे जातात.

दोन्ही पायांचा, कमरेपासून घोट्यापर्यंत, उभ्याने काढलेला लांब एक्स-रे लागतो. त्याशिवाय एक साधी चाचणी असते. आखूड पायाखाली लाकडी ठोकळे ठेवत जातात आणि कंबर सरळ कधी वाटते ते तुम्हाला विचारतात. घाईने उत्तर देऊ नका. मला ४ सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर उभं केलं तेव्हा मी एकदम म्हटलं, "हे जास्त झालं." वर्षानुवर्षं वाकडं उभं राहिल्यावर सरळपणाच वाकडा वाटतो. पाच मिनिटं तशीच उभी राहिले तेव्हा पाठ सैल झाली.

फरक २ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बहुतेक वेळा चपलेतल्या उंचवट्यावर भागतं. एवढ्यासाठी कुणी ऑपरेशन सुचवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

३. पोटरी आणि घोटा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

ज्यांचा पाय आखूड असतो ते नकळत त्या पायाच्या चवड्यावर चालतात. टाच जमिनीला पुरती टेकत नाही. परिणामी पोटरी आणि टाचेमागची जाड शीर आधीच आखडलेली असते. अशा पायाची नडगी ४ सेंटिमीटर वाढवली तर ती शीर धनुष्याच्या दोरीसारखी ताणली जाते आणि पाऊल खाली झुकतं. मग टाच टेकत नाही. पाय लांब झाला तरी चालता येत नाही, आणि कधी कधी शीर सैल करायला आणखी एक ऑपरेशन करावं लागतं.

घरच्या घरी पाहायचं असेल तर भिंतीकडे तोंड करून उभे राहा. टाच जमिनीवर घट्ट ठेवून गुडघा भिंतीला टेकवा. पायाचा अंगठा भिंतीपासून जितका लांब ठेवता येईल तितका घोटा मोकळा. माझा डावा पाय १० सेंटिमीटरवर राहायचा, उजवा जेमतेम ३ वर. आठ आठवड्यांनी तो ७ वर आला. ते चार सेंटिमीटर मला पुढे रोज उपयोगी पडले.

मी करत होते ते व्यायाम असे. हे आधी फिजिओथेरपिस्टकडून एकदा बसवून घ्या.

भिंतीला हात लावून उभं राहायचं, आखूड पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीवर, अंग पुढे झुकवायचं. तीस सेकंद. मग तेच, पण मागचा गुडघा किंचित वाकवून. गुडघा ताठ असताना पोटरीचा वरचा मोठा स्नायू ताणला जातो, वाकवल्यावर खोलवरचा. दोन्ही हवेत. प्रत्येकी तीन-चार वेळा, दिवसातून तीनदा. हिसके देऊ नका. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये.

दुसरा व्यायाम पंचाचा. पाय पसरून बसायचं, पंचा किंवा ओढणी तळव्याला, चवड्याच्या जवळ अडकवायची, गुडघा ताठ ठेवून पाऊल आपल्याकडे ओढायचं. हा आताच हातात बसू द्या, कारण ऑपरेशननंतर भिंतीशी उभं राहता येत नाही तेव्हा हाच कामी येतो. माझ्या बाबतीत पुढे चपलेला दोन्ही बाजूंनी इलॅस्टिकचे पट्टे शिवून ती चप्पल रिंगेला बांधली होती, म्हणजे झोपेतही पाऊल खाली झुकू नये. तरी दिवसातून चार-पाच वेळा पंचा लागायचाच. ज्या वेदनेत तो ओढावा लागतो, त्या वेदनेत नवीन काही शिकायला मन होत नाही. हात सवयीने करत असतील तरच होतं.

मांडीचं हाड वाढवायचं असेल तर धोका गुडघ्याला असतो. तो वाकेनासा होतो किंवा सरळ होत नाही. अशांनी मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंवर, खुब्यावर भर द्यायचा. रोज वीस मिनिटं पालथं झोपणं हा खुब्यासाठी सोपा उपाय आहे.

सावधान: पाय जन्मापासून आखूड असेल तर गुडघ्याचे किंवा खुब्याचे सांधे सैल असू शकतात. तिथे जोर लावून ताणलं तर सांधा सरकू शकतो. अशांनी मोबाइलवर बघून व्यायाम करू नयेत. आधी डॉक्टरांनी सांधे तपासू देत.

४. ताकद: मांड्या, हात आणि चांगला पाय

पुढचे काही महिने तुमचा चांगला पाय आणि दोन हात यांच्यावर सगळा भार असणार. मी पतसंस्थेत कॅशियर आहे, दिवसभर खुर्चीत. हातात ताकद म्हणावी तर पाण्याची कळशी उचलण्याइतकीच. म्हणून सुरुवात अशी केली: हात असलेल्या खुर्चीत बसून, हातांवर जोर देऊन अंग वर उचलायचं. पहिल्या दिवशी चार वेळा जमलं, दोन महिन्यांनी वीस. त्याच्या जोडीला पाठीवर झोपून गुडघा ताठ ठेवून पाय एक वीत उचलणे, कुशीवर झोपून पाय बाजूला उचलणे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे.

कुबड्या किंवा वॉकर ऑपरेशनआधीच घ्या आणि घरात चालून पाहा. काखेची कुबडी उभी धरल्यावर काख आणि कुबडीत दोन-तीन बोटांचं अंतर राहायला हवं, मुठीशी कोपर किंचित वाकलेलं. भार तळहातांवर, काखेत नाही. काखेत भार दिला तर नसा दबून हाताला मुंग्या येतात. उंबरठा, पायरी, ओली फरशी या तिन्हींवर, शेजारी माणूस ठेवून, सराव करा. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी.

ज्यांना फक्त उंची वाढवण्यासाठी हे करायचं आहे त्यांना एवढंच सांगेन. तुमच्या दोन्ही पायांची हाडं कापली जातील, उभं राहायला चांगला पाय उरणार नाही. माझा एक पाय धड होता म्हणून मी स्वतः उठून बाथरूमला जाऊ शकले. हा निर्णय घ्यायच्या आधी रिंगा बसलेल्या माणसाच्या घरी एक दिवस राहून या.

५. खाणं

मला डाएटिशियनने वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सांगितली. माझं वजन ५४ किलो, म्हणजे ६५ ते ८१ ग्रॅम. आपण खातो त्यात एवढी असतील असं मला वाटलं होतं. वही घेऊन मोजलं तर ४० सुद्धा भरत नव्हती.

मग दिवस असा लावला: दोन अंडी (१२ ग्रॅम), दोन ग्लास दूध (१३), मटकीच्या किंवा वाटाण्याच्या उसळीची मोठी वाटी (८), घट्ट वरण एक वाटी (६), पनीर ५० ग्रॅम (९), वाटीभर दही (४), चार पोळ्या (१२). हे सगळं खाऊन जेमतेम ६४. ज्या दिवशी बांगडा असायचा त्या दिवशी चिंता नसायची, १०० ग्रॅम मासळीत १९-२० ग्रॅम मिळतात. मासे-अंडी न खाणाऱ्यांनी डाळी, सोयाबीन, दाणे, ताक यांची बेरीज रोज कागदावर करा. अंदाजावर सोडू नका. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

कॅल्शियमसाठी दूध, नाचणी आणि तीळ. आमच्याकडे नाचणीची भाकरी होतीच, रोज रात्री तीच ठेवली.

गोळ्यांबाबत तीन चुका लोक नेहमी करतात. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेतात, मग ती अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तासाभराने. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतात. एक सकाळी घ्या, एक रात्री. आणि ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असताना रोज घेतात. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं, जास्त झालं तर विषासारखं बाधतं. मी रविवारी सकाळी घ्यायचे आणि कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायचे.

वजन जास्त असेल तर थोडं उतरवा, पण उपासतापास करून नाही. हाड धरायच्या वेळी शरीर उपाशी असता कामा नये.

६. तंबाखू, मिश्री आणि चालू औषधं

निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या हाडाला रक्त कमी पोचतं. हाड उशिरा धरतं, कधी धरतच नाही. सिगारेट-बिडी बंद करायला लोक तयार होतात. मिश्रीला कुणी व्यसन मानत नाही, म्हणून ती डॉक्टरांना सांगितलीच जात नाही. मिश्री म्हणजेच मशेरी, गुटखा, खैनी, सगळं तंबाखूच आहे. निदान सहा आठवडे आधी बंद करा आणि हाड पक्कं होईपर्यंत बंदच ठेवा. सुटत नसेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगगमही त्यांना विचारूनच.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, स्टिरॉइड, मधुमेहाची औषधं, आयुर्वेदिक काढे, हाडासाठी कुणी दिलेली कांडवेल, सगळ्यांची यादी करून भूलतज्ज्ञांना दाखवा. मनाने काही बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका. दुखण्यावर आपण सर्रास घेतो त्या काही वेदनाशामक गोळ्या नवं हाड धरण्यात अडथळा आणू शकतात. ऑपरेशननंतर कुठली चालेल आणि कुठली नाही, हे आधीच लिहून घ्या.

७. दात, नखं, चिखल्या

रिंगांच्या तारा महिनोन् महिने कातडीतून आरपार असतात. त्या जागी जंतुसंसर्ग होणं अगदी नेहमीचं आहे, मलाही दोनदा झाला. त्यामुळे अंगात दुसरीकडे कुठे जंतू मुरलेले नकोत. किडलेला दात असेल तर आधी दुरुस्त करा. लघवीला जळजळ होत असेल तर तपासा. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील, टाचांना भेगा असतील, तर त्या पूर्ण बऱ्या होऊ देत. माझी तारीख श्रावणात होती, म्हणून आषाढभर रोज पाय धुऊन बोटांमध्ये कोरडं फडकं फिरवत होते.

ऑपरेशनच्या आधी घरी पायावर रेझर फिरवू नका. बारीक चिरा पडतात आणि त्यातून जंतू शिरतात. केस काढायचे असतील तर ते हॉस्पिटलवाले काढतील.

८. घर

खाली बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. पलंग एवढ्या उंचीचा हवा की कडेवर बसल्यावर पावलं जमिनीला टेकतील. न्हाणीघरात प्लास्टिकची भक्कम खुर्ची आणि भिंतीला धरायला दांडी.

घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: गुडघ्याखाली उशी द्यायची नाही. माया म्हणून सगळे देतात, बरंही वाटतं, आणि गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी द्यायचीच तर टाचेखाली. माझ्या आईला हे पटायला आठ दिवस लागले.

कपड्यांसाठी जुन्या सलवारींचा एक पाय बाहेरून कमरेपासून खालपर्यंत उसवून नाड्या लावून घेतल्या. गाऊन आणि लुंगी तर चालतातच. असे चार जोड आधीच शिवा.

नट फिरवायला दुसरं माणूस तयार करा. माझी वहिनी शिकली. कुठल्या दिशेने फिरवायचं त्याचा बाण डॉक्टरांकडून रिंगा जोडणाऱ्या प्रत्येक दांडीवर मार्करने काढून घ्यायचा हे तिलाच सुचलं. उलट फिरवलं गेलं तर दिवसाची मेहनत वाया जाते.

९. कागद आणि पिशवी

फाइलमध्ये: सगळे जुने-नवे एक्स-रे आणि त्यांच्या सीडी, रक्ताचे रिपोर्ट, जुन्या ऑपरेशनचे कागद, औषधांची यादी, आधार कार्ड, रेशन कार्ड, विमा असेल तर पॉलिसी आणि आधी घेतलेली मंजुरी, दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर ते, नोकरीच्या ठिकाणचा रजेचा अर्ज. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये बसणाऱ्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. विम्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पायातला फरक सेंटिमीटरमध्ये आणि त्याचं कारण लिहिलेलं असू द्या. केवळ दिसण्यासाठीचं ऑपरेशन समजून दावा नाकारला जाऊ शकतो.

पिशवीत: पंचा, पट्टे शिवलेली चप्पल, उसवलेल्या दोन सलवारी, लांब वायरचा चार्जर, वही-पेन, नखं कापायचं, कुबड्या. थर लावलेली जुनी उंच चप्पलही न्या. पाय पुरेसा लांब होईपर्यंत तीच लागते, आणि दर थोड्या दिवसांनी तिचा एकेक थर उतरवावा लागतो. माझ्या चपलेचा शेवटचा थर चांभारकाकांनी सुरीने सोलून काढला तेव्हा त्यांनी पैसे घेतले नाहीत.

आदल्या रात्री काय आणि किती वाजेपर्यंत खायचं-प्यायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील, ते तंतोतंत पाळा, पहाटेचा घोटभर चहासुद्धा नको. आणि झोपण्याआधी तीस सेकंद भिंतीशी उभे राहून पोटरी ताणून घ्या. भिंतीशी उभं राहून ताणायची संधी पुढे बरेच दिवस मिळणार नाही.